नाशिकरोडचे प्रेस: भिंतीच्या आत आणि बाहेर

नाशिकरोडच्या परिसरात इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस ही दोन सरकारी मुद्रणालये आहेत. पहिल्यात टपाल तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे आणि इतर मौल्यवान सरकारी दस्तऐवज छापले जातात, दुसऱ्यात चलनी नोटा, आणि नाशिककर या दोहोंनाही नुसते 'प्रेस' म्हणतात. त्यांचा इतिहास मुख्यतः तिकिटांच्या आणि नोटांच्या संग्राहकांनी जपला असून जलचिन्हे, रंगछटा आणि छपाईतील चुका यांची त्यात बारीक नोंद सापडते. परंतु त्याच नोंदी संस्थेचा इतिहास म्हणून वाचल्या, तर एखाद्या संस्थेचे अंतरंग आणि तिचा भोवताल यांचे नाते कसे असते या व्यवस्थापनशास्त्रातील जुन्या प्रश्नावर त्या बराच प्रकाश टाकतात.

संस्थेचे अंतर्गत पर्यावरण म्हणजे तिच्यातील माणसे, यंत्रे, कामाची रीत, अधिकाराची उतरंड, लेखी नियम आणि कुठेही न लिहिलेल्या सवयी. बाह्य पर्यावरण म्हणजे तिचे ग्राहक, कच्चा माल पुरवणारे, स्पर्धक, कायदे, राज्यकर्ते, बदलते तंत्रज्ञान आणि ज्या गावात ती वसली ते गाव. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स थॉम्प्सन यांनी १९६७ साली असे मांडले की, प्रत्येक संस्थेला एक तांत्रिक गाभा असतो, म्हणजे जिथे तिचे प्रत्यक्ष काम होते ती जागा, आणि हा गाभा बाहेरच्या अनिश्चिततेपासून अलग ठेवण्याची संस्थेची सततची धडपड असते. त्यासाठी ती साठा करून धक्के पचवते, मागणीचे चढउतार सपाट करू पाहते, पुढचा अंदाज बांधते, आणि हे काहीच जमले नाही तर हाती असलेले तोलूनमापून वाटते. थॉम्प्सन यांच्यासमोर प्रामुख्याने कारखाने आणि रुग्णालये होती. परंतु गाभा अलग ठेवण्याची कल्पना शब्दशः दगडाविटांत उतरलेली पाहायची असेल, तर प्रतिभूती मुद्रणालयाकडे, म्हणजे ज्याची नक्कल हाच गुन्हा ठरतो असा कागद छापणाऱ्या मुद्रणालयाकडे पाहावे लागते. नाशिकरोडच्या भिंतीने माणसे आणि वस्तू यांची ये-जा जवळजवळ पूर्ण ताब्यात ठेवली, पण युद्धे, फाळणी, तस्करी, निर्वासितांचे लोंढे आणि सरकारी धोरणे यांना मात्र तिने कधी अडवले नाही, किंबहुना भिंतीआडचे बहुतेक बदल याच वाटेने आले, असे या शंभर वर्षांच्या इतिहासावरून दिसते.

या मुद्रणालयाचा जन्मच मुळी बाहेरच्या एका धक्क्यातून झाला. भारतात १८५४ साली देशभर चालणारी पहिली टपाल तिकिटे कलकत्त्यात शिळाछपाईने छापली गेली खरी, परंतु पुढच्याच वर्षापासून हे काम लंडनच्या डी ला रू या कंपनीकडे गेले आणि सुमारे सत्तर वर्षे तिच्याकडेच राहिले. सरकारी चलनी नोटाही इंग्लंडमध्ये, बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापून जहाजाने येत. शांततेच्या काळात ही व्यवस्था महाग असली तरी बिनघोर होती. पहिल्या महायुद्धाने तिचे बिंग फोडले. जहाजांचे मार्ग धोक्यात आले, चांदीचा तुटवडा पडला, नाणी लोकांनी घरात दडवली आणि सरकारला १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची, तर १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची कागदी नोट काढावी लागली. म्हणजे कागदी चलनाची गरज एकदम वाढली ती नेमकी अशा वेळी, जेव्हा ते चलन समुद्रापलीकडून आणणे सर्वांत कठीण होते. युद्धानंतर भारतातच प्रतिभूती मुद्रण करण्याचा विचार पक्का झाला, टांकसाळीचा अनुभव असलेले लेफ्टनंट कर्नल जी. एच. विलिस यांच्याकडे पुढे त्याची सूत्रे आली आणि १९२५ साली नाशिकरोडला छपाई सुरू झाली.

नाशिकच का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे कागदाच्या स्वभावात आहे. कागद हवेतील ओल शोषतो आणि फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. एकाच तावावर एकामागून एक अनेक रंग आणि रेषा बसवायच्या असतील तर केसभर फरकही छपाई बिघडवतो, त्यामुळे मुंबईची दमट हवा या कामाला प्रतिकूल ठरते. नाशिक घाटमाथ्यावर आहे आणि पावसाळ्याचे महिने सोडले तर तिथली हवा बऱ्यापैकी कोरडी असते. थळ घाटातून जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६५ पासून खुली होती, त्यामुळे मुंबई बंदरात उतरलेला विलायती कागद रेल्वेने सुमारे १९० किलोमीटर अंतरावर आणणे आणि छापलेला माल त्याच मार्गावरून उत्तरेला, पूर्वेला पाठवणे सोयीचे होते. जवळच देवळालीची लष्करी छावणी होती. शहर मात्र दूर होते: नाशिकचे जुने गाव आणि नाशिकरोड स्थानक यांच्यात आठ-दहा किलोमीटरचे अंतर होते आणि ते कापायला घोड्यांची ट्राम होती. कलेक्टर जॅक्सन यांचा वध १९०९ साली ज्या शहरात झाला, त्या शहराच्या नावावर साम्राज्याने आपल्या चलनाचा कारखाना काढावा यात थोडा विरोधाभास आहे खरा. पण कारखाना वसला तो गोदाकाठच्या वाड्यांपासून आणि गल्ल्यांपासून कोसांवर, रेल्वे रुळांच्या बाजूला, जिथे वस्ती विरळ होती आणि भोवताल जणू नव्याने आखता येण्याजोगा होता. संस्था आपला भोवताल निवडते ती सहसा एकदाच, स्थापनेच्या वेळी. त्यानंतर तो तिच्यावर लादला जातो.

सुरुवातीच्या कामातच नव्या जागेचा ठसा उमटला. लंडनच्या छपाईत जलचिन्हाचा, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेल्या आणि उजेडात धरल्यावर दिसणाऱ्या खुणेचा, एकेक तारा एकेका तिकिटावर बरोबर येई आणि त्यासाठी ताव यंत्रात नेमका बसवावा लागे. १९२६ पासून नाशिकच्या तिकिटांवर मात्र सर्वत्र विखुरलेल्या ताऱ्यांचे जलचिन्ह दिसते, ज्यात ती अट राहत नाही. पाचव्या जॉर्जची मुद्रा तीच, रंगही बहुतांशी तेच, पण तिकीट उलटे करून पाहणारा संग्राहक लंडन आणि नाशिक यांतला फरक याच ताऱ्यांवरून ओळखतो. पुढे १९२९ मध्ये हवाई टपालाची खास तिकिटे नाशिकला निघाली आणि १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सचित्र तिकिटेही तिथेच छापली गेली. नोटांसाठीचे स्वतंत्र मुद्रणालय १९२८ मध्ये सुरू झाले आणि १९३२ पर्यंत भारतातील सर्व मूल्यांच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या, म्हणजे सात वर्षांत लंडनवरचे अवलंबित्व छपाईपुरते संपले. कागदाचे अवलंबित्व मात्र पुढे कित्येक वर्षे राहिले.

प्रतिभूती मुद्रणालयाचे अंतर्गत पर्यावरण ज्या एका गोष्टीभोवती उभे असते ती म्हणजे मोजणी. सामान्य छापखान्यात कागद वजनावर किंवा रिमांवर मोजला जातो आणि बिघडलेले ताव रद्दीत जातात. इथे कोरा तावही नोटेइतकाच जपावा लागतो, कारण जलचिन्ह असलेला कागद खोटी नोट करू पाहणाऱ्याच्या दृष्टीने अर्धे काम झाल्यासारखाच आहे. म्हणून ताव एका विभागातून दुसऱ्यात जाताना मोजला जातो, छपाईच्या प्रत्येक टप्प्यानंतर मोजला जातो, आणि बिघडलेला ताव हिशेबात दाखवून नियमाप्रमाणे नष्ट करावा लागतो. नोट तयार होते तीही टप्प्याटप्प्याने: आधी पार्श्वभूमीची नाजूक रंगीत नक्षी, मग कोरीव छपाई, म्हणजे धातूच्या पाट्यावर खोदलेल्या रेषांत शाई भरून प्रचंड दाबाने ती कागदावर उचलण्याची पद्धत, जिच्यामुळे नोटेवर बोट फिरवले की उठाव जाणवतो, मग क्रमांक, मग तपासणी, मग कापणी आणि बांधणी. यात सर्वांत अडचणीचे काम होते ते क्रमांकांचे. बँकेत जाणाऱ्या शंभर नोटांच्या बंडलात क्रमांक सलग असले पाहिजेत, हा बाहेरच्या जगाचा आग्रह होता, कारण त्यावर रोखपालाचा विश्वास आणि मोजणीची सोय अवलंबून असे. पण छपाईत एखादी नोट बिघडली की तिच्याच क्रमांकाची दुसरी नोट छापून त्या जागी बसवावी लागे, म्हणजे एका खराब नोटेसाठी वेगळा खटाटोप. रिझर्व्ह बँकेने २००६ पासून दहा, वीस आणि पन्नास रुपयांच्या नोटांत ही अट सैल केली: बिघडलेल्या नोटेच्या जागी क्रमांकात तारांकन असलेली नोट घालायची आणि बंडलावर तसे लिहायचे. पाचशेच्या नोटेला ही सवलत मिळाली ती २०१६ च्या डिसेंबरात, जेव्हा नोटांचा दुष्काळ होता आणि एकेक बंडल वेळेवर बाहेर पडणे महत्त्वाचे झाले होते. नोटेवरचा हा बारीकसा तारा पाहून ती खोटी तर नाही ना अशी शंका सामान्य माणसाला येते आणि ती दूर करण्यासाठी रिझर्व्ह बँकेला खुलासे करावे लागतात. आतले काम हलके करणाऱ्या तडजोडीने बाहेर थोडी शंका निर्माण केली, असा हा व्यवहार आहे.

नाशिकच्या छपाईचा पल्ला नाशिककरांच्या कल्पनेपलीकडे होता. ब्रह्मदेश १९३७ मध्ये भारतापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाल्यावर त्याची तिकिटे नाशिकला छापली गेली. कुवेत, बहरीन अशा आखाती ठिकाणच्या टपाल कचेऱ्यांत भारतीय तिकिटांवरच त्या त्या ठिकाणचे नाव छापून ती वापरली जात. नेपाळच्या १९४५ सालच्या पहिल्या कागदी नोटाही नाशिकच्याच. त्याच काळात नाशिकरोडला भिंतीआडची आणखी एक संस्था होती, ती म्हणजे मध्यवर्ती कारागृह, आणि तिथे १९३२-३३ च्या सुमारास सविनय कायदेभंगात पकडले गेलेले जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी प्रभृती तरुण काँग्रेसमध्ये समाजवादी पक्ष काढण्याची चर्चा करत होते. एका भिंतीआड राजाचा मुखवटा कागदावर उमटत होता, दुसरीआड त्या राजाचे राज्य गेल्यानंतरच्या अर्थव्यवस्थेचे आराखडे रंगत होते, आणि दोन्ही भिंती सरकारनेच बांधल्या होत्या.

फाळणीच्या वेळी तर या मुद्रणालयाला काही काळ दोन राष्ट्रांची सेवा करावी लागली. पाकिस्तानकडे स्वतःचे नोट मुद्रणालय नव्हते, त्यामुळे ठरलेल्या व्यवस्थेनुसार ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहिली आणि नाशिकला छापलेल्या भारतीय नोटांवर इंग्रजीत व उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. १ ऑक्टोबर १९४७ रोजी निघालेली पाकिस्तानची पहिली तिकिटेही भारतीय तिकिटांवर 'पाकिस्तान' ही अक्षरे छापलेली होती आणि त्यांतील बराच भाग नाशिकला तयार झाला होता. सीमेवर कत्तली चालू असताना आणि काश्मीरमध्ये लढाई पेटलेली असताना हे काम चालू राहिले. मुद्रणालयाच्या आतल्या दृष्टीने ते फक्त एक जादा छपाईचा फेरा होता: तोच कागद, तेच पाटे, वर एक ओळ. राजकारणाचा एवढा मोठा उत्पात कामगाराच्या टेबलावर पोहोचेपर्यंत असा एका ओळीत मावला, यात गाभा अलग ठेवण्याच्या पद्धतीचे यश मानायचे की तिचा थंडपणा, हे ठरवणे सोपे नाही.

याच पद्धतीची दुसरी बाजू लगेच पुढच्या वर्षी दिसली. स्वातंत्र्याची पहिली तीन तिकिटे, तिरंग्याचे, अशोकस्तंभाचे आणि विमानाचे, १९४७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात नाशिकनेच काढली. परंतु १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली महात्मा गांधींची चार तिकिटे छापून आली ती स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉसिए या छापखान्यातून, कारण छायाचित्राच्या सावल्या हुबेहूब उतरवणारी फोटोग्राव्ह्यूर ही पद्धत नाशिकला उपलब्ध नव्हती. स्वदेशीच्या पुरस्कर्त्याचे चित्र परदेशातून छापून यावे, याची बोच लागणे स्वाभाविक होते. संत आणि कवी यांच्यावरील १९५२ ची मालिका नाशिकने याच पद्धतीने छापली, म्हणजे नव्या यंत्रांचा आणि नव्या कसबाचा प्रवेश चार वर्षांत झाला. त्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली, आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हा रोजच्या वापरातील तिकिटांची सारी मूल्ये बदलून भारताच्या नकाशाची नवी मालिका त्याच दिवशी बाजारात आली. हा बदल मोठा असला तरी त्याची तारीख आधीच ठाऊक होती, आणि तारीख ठाऊक असलेला धक्का संस्था सहज पचवते.

आखाती रुपयाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. पन्नासच्या दशकात कुवेतपासून मस्कतपर्यंत भारतीय रुपयाच चलन म्हणून चाले; तस्कर भारतातून रुपये घेऊन तिकडे जात, त्यांत सोने विकत घेत आणि ते चोरून भारतात आणत, आणि तिकडे साठलेले रुपये बँकांमार्फत परत आले की त्यांच्या बदल्यात भारताला परकीय चलन मोजावे लागे. यावर १९५९ मध्ये उपाय निघाला तो छपाईचा: आखातासाठी वेगळ्या रंगाच्या आणि क्रमांकाआधी विशिष्ट अक्षर असलेल्या नोटा काढायच्या, ज्या भारतात चालणार नाहीत. एका आर्थिक दुखण्यावर मुद्रणालयाने शाईचा डबा बदलून औषध दिले, असे याचे वर्णन करता येईल. साठच्या दशकात त्या त्या देशांनी आपापली चलने काढली आणि हा प्रकार संपला.

बाहेरचा वेग आतल्या वेगाला मागे टाकतो तेव्हा काय होते, याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र १९७१ मधला, आणि तोही अवघ्या पाच पैशांचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लाखो निर्वासितांच्या खर्चासाठी सरकारने देशांतर्गत टपालावर पाच पैशांचा अधिभार बसवला आणि तो १५ नोव्हेंबर १९७१ पासून वेगळे तिकीट लावून वसूल करायचे ठरवले. सगळ्या देशाच्या टपालाला पुरतील एवढी नवी तिकिटे इतक्या थोड्या अवधीत नाशिकने देणे शक्य नव्हते. म्हणून नेहमीच्या पाच पैशांच्या तिकिटावर निर्वासित साहाय्याची अक्षरे छापून देण्याचा मार्ग काढला गेला, आणि तीही पुरेशी न पडल्याने निरनिराळ्या टपाल मंडळांना स्थानिक छापखान्यांतून, कुठे कुठे तर साध्या रबरी शिक्क्यांनी, हे काम भागवण्याची मुभा दिली गेली. कुटुंबाचे चित्र असलेल्या त्या तिकिटावर कुठे इंग्रजी, कुठे हिंदी, कुठे वाकडा, कुठे पुसट असा मजकूर उमटला आणि आज संग्राहक त्यांचे प्रकार शोधत बसतात. खास आखलेले तिकीट १ डिसेंबरला आले. या दोन आठवड्यांत जगातील कडेकोट व्यवस्थांपैकी एका व्यवस्थेचे काम गावोगावच्या टपाल कारकुनाच्या हातातील शिक्क्यावर आले होते, आणि सुरक्षिततेपेक्षा वेळ महत्त्वाची ठरली की संस्था आपली सीमारेषा किती सहज मागे घेते, हे त्या पुसट अक्षरांत वाचता येते.

मुद्रणालयाचे बाह्य पर्यावरण केवळ घटनांचे नव्हते, ते इतर संस्थांचेही होते, आणि त्या संस्थांच्या भूमिका बदलत गेल्या. नोटांचा कागद वर्षानुवर्षे इंग्लंडहून येई. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात नर्मदाकाठी होशंगाबादला प्रतिभूती कागदाचा सरकारी कारखाना सुरू झाला आणि पुरवठादार प्रथमच देशी झाला. देवासला १९७४ मध्ये दुसरे नोट मुद्रणालय निघाले, हैदराबादला १९८२ मध्ये तिकिटे-मुद्रांकांचे. या सगळ्या एकाच घरच्या शाखा होत्या, त्यामुळे नाशिकची मक्तेदारी गेली तरी नाते बदलले नाही. खरा बदल १९९५ मध्ये झाला. नोटांची मागणी पुरवठ्यापुढे जात होती, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात काही नोटा परदेशात छापून आणाव्या लागल्या, आणि नोटांची एकमेव ग्राहक असलेल्या रिझर्व्ह बँकेने स्वतःची मुद्रण कंपनी स्थापन करून म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी येथे छापखाने काढले. ग्राहकच प्रतिस्पर्धी झाला. नाशिकच्या कामगारांना यानंतर प्रत्येक वेतनकरारात आणि प्रत्येक यंत्रखरेदीच्या चर्चेत म्हैसूरचे नाव ऐकावे लागणार, हे उघड होते.

भिंतीने भोवतालही घडवला. रेल्वे स्थानकाभोवतीच्या विरळ वस्तीचे नाशिकरोड झाले ते बऱ्याच अंशी प्रेसच्या पगारावर. कामगारांसाठी नेहरूनगरची वसाहत उभी राहिली, पगाराच्या दिवसावर बाजाराचे आठवडे बेतले जाऊ लागले, आणि 'प्रेसमध्ये आहे' एवढे सांगितले की मुलाच्या लग्नाची बोलणी निम्मी पुढे सरकत. नोकरी सरकारी, कायमची, कामाची गुप्तता राखणारी, त्यामुळे विश्वासाची माणसे हवीत आणि विश्वासाची माणसे म्हणजे आधीच आत असलेल्यांच्या घरची, अशी मनोवृत्ती तयार होणे साहजिक होते. एकाच घरात बाप आणि मुलगा दोघेही प्रेसचे, हे नाशिकरोडला नवल नव्हते. कामगार संघटना प्रबळ झाल्या आणि त्यांच्या निवडणुकांना गावच्या राजकारणाची रंगत आली. नाशिकरोड-देवळाली नगरपालिका १९८२ मध्ये नाशिक महापालिकेत विलीन झाली तरी या भागाचा वेगळा स्वभाव टिकला. संस्थेला बाहेरच्यांची भीती असल्याने ती घरच्यांवर विसंबते, आणि त्यामुळे घर व कारखाना यांतली भिंत मात्र पातळ होते, ही गोष्ट सुरक्षेच्या नियमपुस्तिकांत सहसा लिहिलेली नसते.

या व्यवस्थेतील भगदाड प्रत्यक्षात पडले ते भलत्याच बाजूला. अब्दुल करीम तेलगी याने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला आणि पुढील काही वर्षांत बनावट मुद्रांकांचे जाळे अनेक राज्यांत पसरवले. २००१ मध्ये त्याला अटक झाली. नाशिकच्या मुद्रणालयाने मोडीत काढलेली यंत्रे लिलावातून मिळवून त्याने छपाई उभारल्याचे तपासात पुढे आले. मुद्रांकांचा बाजारातला तुटवडा हा त्याच्या धंद्याचा पाया होता, म्हणजे पुरवठा कमी पडला की जनता मिळेल त्या विक्रेत्याकडे जाते ही बाहेरची स्थिती आणि यंत्र निकामी ठरवण्याची आतली पद्धत, या दोहोंच्या सांध्यावर तो उभा राहिला. पहारा होता तो छापलेल्या मालावर, कोऱ्या कागदावर, आत-बाहेर करणाऱ्या माणसांवर. भंगार हे भंगार असल्याने त्याच्याकडे त्याच नजरेने पाहिले गेले नसावे. संस्थेची सीमा तिच्या फाटकाशी संपत नाही, तिचे कसब ज्या वस्तूत शिल्लक आहे त्या वस्तूबरोबर ती बाहेर जाते, हे या प्रकरणाने फार महागात शिकवले. त्याचा परिणाम नाशिकवर दुहेरी झाला: सुरक्षेचे नियम कडक झाले, आणि राज्य सरकारे कागदी मुद्रांकापासूनच दूर जाऊ लागली, फ्रँकिंग, म्हणजे दस्तावर यंत्राने शुल्काचा ठसा उमटवण्याची पद्धत, आणि पुढे संगणकीय मुद्रांक आले, म्हणजे जो माल खोटा छापला गेला त्या खऱ्या मालाचीच मागणी आटू लागली.

दरम्यान २००६ मध्ये केंद्र सरकारने चार टांकसाळी, चार मुद्रणालये आणि होशंगाबादचा कागद कारखाना एकत्र करून सरकारी मालकीचे एक महामंडळ केले. सरकारी खात्याचे कंपनीत रूपांतर झाले की भिंती त्याच राहतात, पण हिशेब बदलतो: खात्याला मंजूर अनुदान खर्च करायचे असते, कंपनीला दर ठरवून ग्राहकाला पटवायचा असतो, आणि रिझर्व्ह बँकेसारखा ग्राहक दोन ठिकाणचे दर शेजारी मांडून पाहू शकतो.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे आणि हजारच्या नोटा चलनातून काढल्याची घोषणा झाली तेव्हा देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन होते आणि त्यातील सुमारे ८६ टक्के मूल्य या दोन नोटांत होते. थॉम्प्सन यांनी सांगितलेले चारही उपाय इथे एकदम तोकडे पडले: गुप्ततेमुळे आगाऊ साठा पुरेसा करता आला नव्हता, मागणी सपाट करणे अशक्य होते, अंदाज बांधायला वेळ नव्हता, आणि उरला तो तोलूनमापून वाटण्याचा उपाय, जो एटीएमसमोरच्या रांगांत दिवसाला दोन हजार रुपयांच्या मर्यादेच्या रूपाने लोकांनी अनुभवला. नव्या पाचशेच्या नोटा नाशिक आणि देवास येथे, तर दोन हजारच्या मुख्यतः रिझर्व्ह बँकेच्या छापखान्यांत छापल्या गेल्या. नाशिकला पाळ्या वाढल्या, सुट्ट्या रद्द झाल्या, आणि नोटा पोहोचवण्यासाठी वायुसेनेची विमाने वापरली गेली. यंत्राच्या वेगाला मात्र मर्यादा होती, कारण शाई वाळायला लागणारा वेळ अध्यादेशाने कमी होत नाही. या काळात 'छपाईची क्षमता' हा शब्द वृत्तवाहिन्यांवर रोज ऐकू येत होता, आणि नाशिकरोडच्या यंत्रांची जेवढी चर्चा एरवी शंभर वर्षांत झाली नसेल तेवढी त्या काही आठवड्यांत झाली.

नोटाबंदीनंतर रोख व्यवहार घटतील हा अंदाज खोटा ठरला. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय खेडोपाडी पोहोचली तरी चलनातील रक्कम मार्च २०२४ अखेर ३४ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली होती, त्यामुळे नोट छपाईवरचे संकट अजून तरी लांब आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेसची स्थिती निराळी आहे. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे आणि किसान विकास पत्रे यांचे छापील रूप १ एप्रिल २०१६ पासून बंद झाले, पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्र यांचा वापर ओसरला, मुद्रांक संगणकावर गेले. वाढता माल उरला तो मुख्यतः पारपत्राचा. त्यातही आता छपाईपेक्षा वेगळे कसब आले आहे. ई-पारपत्राच्या आवरणात एक इलेक्ट्रॉनिक चिप आणि तिची तार बसवलेली असते, धारकाची माहिती सरकारच्या अंकीय सहीसह तिच्यात साठवलेली असते, आणि विमानतळावरचे यंत्र ती स्पर्शाविना वाचते. अशा पुस्तिकेत मोजायचा असतो तो तावांबरोबर चिपांचाही हिशेब, आणि जपायची असते ती कागदाइतकीच एक सांकेतिक किल्ली, जिला ठेवायला तिजोरी लागत नाही आणि बाहेर जायला फाटकही लागत नाही.